स्वस्त शिकारी रायफल : नेम पक्का, भरवसा कच्चा

पेनसिल्व्हेनियात मी हरणांच्या शिकारीला जाऊ लागलो, त्याला आता सहा मोसम झाले. या काळात तीन स्वस्त रायफली माझ्या हाताखालून गेल्या. पहिली मी स्वतः 399 डॉलरना दुर्बिणीसकट विकत घेतली, दुसरी दोन वर्षांनी तिच्या जागी घेतली, आणि तिसरी एका मराठी मित्राची, जिचा नेम बसवून देण्याचे काम त्याने माझ्यावर सोपवले होते. तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या, तिन्ही .308 विंचेस्टर काडतुसाच्या, आणि तिन्हींनी 100 यार्डांवर कागदावर समाधानकारक नेम दिला. तरीही त्यांतली एकच घेऊन मी आज निर्धास्तपणे जंगलात शिरेन. स्वस्त रायफलींची चर्चा जवळजवळ नेहमी नेमाभोवती फिरते आणि माझ्या मते नवा शिकारी तिथेच फसतो, कारण या किमतीत कंपनीने केलेली काटकसर नळीत क्वचितच सापडते. ती सापडते मॅगझिनच्या, म्हणजे काडतुसांच्या पेटीच्या, खटक्यात, झाडलेले काडतूस बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या नखात, स्प्रिंगांत, दस्त्याच्या प्लास्टिकमध्ये आणि सोबत दिलेल्या दुर्बिणीत.

माझ्या अनुभवातल्या रायफलींची नावे मी देत नाही. एका नगाच्या दोषावरून सबंध कंपनीला दोषी धरणे अन्यायाचे होईल, आणि साडेतीनशे ते सहाशे डॉलरांच्या पट्ट्यात हेच दोष कमीअधिक प्रमाणात सगळीकडे भेटतात.

भारतातल्या वाचकांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्तीने आपल्याकडे शिकार बंद झाली आणि ती बंदच राहावी असे मला मनापासून वाटते. पेनसिल्व्हेनियातली परिस्थिती वेगळी आहे. लांडगे आणि प्युमा इथून केव्हाच नाहीसे झाले, हरणे मात्र भरपूर आहेत, आणि 1895 साली स्थापन झालेले राज्याचे गेम कमिशन मोसम आणि परवाने ठरवून त्यांची संख्या आटोक्यात ठेवते. अलीकडच्या मोसमांत राज्यात दरवर्षी चार लाखांहून अधिक हरणांची शिकार झालेली आहे. हरणासाठी इथे स्वयंचलित भरणाची रायफल चालत नाही, ती हातानेच चालवायची असावी लागते. त्यामुळे नवखा माणूस दुकानात गेला की बोल्ट अ‍ॅक्शनच्या, म्हणजे बोल्ट हा दांडा हाताने मागेपुढे करून काडतूस चढवायच्या, रायफलींसमोर उभा राहतो, आणि पहिल्याच वर्षी हजार-बाराशे डॉलर घालण्याची तयारी नसल्याने सर्वांत खालच्या रांगेतली उचलतो. मीही तेच केले.

आधी चांगली बाजू सांगतो, कारण ती खरोखर चांगली आहे. पूर्वी नळी रिसीव्हरमध्ये, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या सांगाड्यात, बसवून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या कप्प्यात, काडतुसासाठी अचूक जागा ठेवणे हे कसबी कारागिराचे काम होते. सॅव्हेज कंपनीने 1958 साली आणलेल्या 110 या रायफलीत नळी आट्यांवर फिरवून, मापकावर जागा तपासून, एका मोठ्या नटाने जखडण्याची रचना होती. त्यामुळे घासून-तासून मेळ घालण्याचा वेळ वाचला आणि किंमत उतरली. आज अनेक कंपन्यांच्या स्वस्त रायफलींत हीच पद्धत दिसते. नळीच्या आतले आटे पाडण्याची यंत्रेही इतकी सुधारली आहेत की साध्या कारखानी काडतुसांनी 100 यार्डांवर तीन गोळ्या दीड इंचात बसवणे ही आता विशेष गोष्ट राहिलेली नाही. माझ्या पहिल्या रायफलीने पहिल्याच दिवशी सव्वा इंचाचा गट दिला. शेजारच्या टेबलावरच्या वृद्ध गृहस्थांनी तो कागद पाहून माझे अभिनंदन केले आणि विचारले, "मॅगझिनमधून भरून मारल्यात, की एकेक काडतूस हाताने चेंबरमध्ये घालून?" मी एकेक घालून मारल्या होत्या. त्या प्रश्नाचा अर्थ मला दोन महिन्यांनी कळला.

मोसमाच्या पहिल्या शनिवारी सकाळी साडेसातच्या सुमारास सुमारे 80 यार्डांवर एक मादी आडवी उभी राहिली. मी चाप ओढला, बार निघाला, आणि ती मागच्या बाजूने खचली; माझी गोळी थोडी मागे लागली होती, ती चूक माझी आणि फक्त माझी. अशा वेळी दुसरी गोळी ताबडतोब मारणे हे शिकाऱ्याचे पहिले कर्तव्य असते. मी बोल्ट मागे खेचून पुढे ढकलला, तो रिकाम्या चेंबरवर बंद झाला. खाली पाहिले तर मॅगझिनचा मागचा भाग अर्धा इंच खाली लोंबत होता. झाडाखाली बसताना त्याचा प्लास्टिकचा खटका मांडीला घासून सुटला असावा, आणि खाली उतरलेल्या मॅगझिनमधले काडतूस बोल्टच्या वाटेतच येत नव्हते. मॅगझिन बसवून दुसरे काडतूस चढवले, तर त्याचे टोक चेंबरच्या कडेवर अडून काडतूस तिरपे झाले. ते मोकळे करेपर्यंत हरीण झाडीत गेलेले होते. पुढे तीन तास आम्ही रक्ताचे थेंब शोधत फिरलो. ती सापडली, अजून जिवंत होती, आणि दुसरी गोळी मी काडतूस हाताने चेंबरमध्ये घालूनच मारली. ते तीन तास तिने काय सोसले असेल, हा विचार त्या रायफलीशी माझ्या मनात कायमचा जोडला गेला आहे, आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारणही तेच आहे. रायफल अडखळली तर त्याची किंमत शिकाऱ्यापेक्षा जनावर जास्त मोजते.

घरी आल्यावर मी मॅगझिन उघडून नीट पाहिले. महागड्या रायफलीत बहुधा मॅगझिनचे ओठ, म्हणजे काडतुसे वर धरून ठेवणाऱ्या कडा, पोलादी पत्र्याच्या असतात किंवा रिसीव्हरमध्येच कोरलेल्या असतात. इथे खटका, तळ आणि ओठ तिन्ही एकाच साच्यातल्या प्लास्टिकचे होते, आणि डावा ओठ उजव्यापेक्षा किंचित बाहेर झुकलेला होता. त्यामुळे काडतूस मधल्या रेषेत वर न येता कलून येत होते. शिवाय चेंबरच्या तोंडाशी जो उतार गुळगुळीत हवा, त्यावर यंत्राच्या पात्याच्या रेघा जशाच्या तशा होत्या. कंपनीला कळवले, तेव्हा त्यांनी नवे मॅगझिन विनामूल्य पाठवले. ते बरे चालले, पण तीस काडतुसांत एकदा तरी तेच व्हायचे, आणि तीसमध्ये एकदा हे प्रमाण मी स्वीकारू शकत नाही. सुटे मॅगझिन 40 डॉलरच्या आसपास पडते हेही खरेदीच्या वेळी कोणी सांगत नाही. म्हणून मॅगझिनऐवजी खाली झाकण असलेली, वरून काडतुसे भरायची रायफल या किमतीत मिळाली, तर ती निवडावी असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यातून हरवण्यासारखे किंवा गळून पडण्यासारखे काही नसते.

मित्राच्या रायफलीचे दुखणे वेगळे होते. ऑक्टोबरमधल्या उन्हात ती बिनचूक चालली आणि डिसेंबरच्या थंडीत, पारा शून्याखाली पाच-सहा अंश असताना, फक्त "टक्" असा आवाज करून थांबली. असे झाले की नळी सुरक्षित दिशेला धरून किमान तीस सेकंद वाट पाहायची असते, कारण काडतूस कधीकधी उशिरा पेटते. बोल्ट घाईने उघडला तर ते तोंडासमोर फुटू शकते. आम्ही थांबलो, काडतूस बाहेर काढले, तर प्रायमरवर, म्हणजे काडतुसाच्या तळाच्या पेटणाऱ्या टिकलीवर, अगदी उथळ खळगा होता. कारण साधे निघाले: कारखान्यात गंज लागू नये म्हणून भरलेले चिकट ग्रीस बोल्टच्या पोटात तसेच होते, थंडीत ते घट्ट झाले आणि त्या टिकलीवर आदळणाऱ्या फायरिंग पिनचा वेग मारला. बोल्ट उघडून, पिन आणि स्प्रिंग पेट्रोलियम सॉल्व्हेंटने धुऊन, कोरडी करून पुन्हा बसवल्यावर तो दोष गेला. हा दोष महाग रायफलीतही होऊ शकतो, पण महाग रायफलीचा बोल्ट बहुधा हाताने उघडता येतो आणि तिच्या पिनच्या स्प्रिंगमध्ये ताकद राखून ठेवलेली असते. स्वस्तातल्या काही बोल्टांना उघडण्यासाठी वेगळे अवजार लागते आणि सूचनापुस्तिका बोल्ट उघडूच नका असे बजावते. राजापूरकडे आमच्या घरी आजोबांची शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. रानडुकरांच्या दिवसांत ते रोज संध्याकाळी दारू कोरडी आहे ना, कान, म्हणजे दारूपर्यंत ठिणगी नेणारे छिद्र, मोकळा आहे ना हे तपासूनच अंथरुणावर पडत. ती सवय मला त्यांच्याकडून मिळाली होती आणि नव्या कोऱ्या यंत्राच्या भरवशावर मी ती सोडून दिली होती.

एक्स्ट्रॅक्टरबद्दल फार कमी लिहिले जाते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. बार झाल्यावर काडतुसाचे पितळी टोपण, म्हणजे मागे उरलेली रिकामी पुंगळी, दाबाने फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि ते बाहेर ओढायचे काम एका छोट्या नखाचे असते. जुन्या माउझर पद्धतीच्या रायफलीत हे नख बोल्टच्या बाजूने लांबवर जाणारे, एकसंध स्प्रिंगच्या पोलादाचे असते. आजच्या स्वस्त रायफलीत ते बोटाच्या पेराहूनही लहान असते आणि त्याच्या मागे एक बारीक स्प्रिंग आणि छर्ऱ्याएवढी गोळी असते. ही रचना मुळात वाईट नाही. अनेक उत्तम रायफली याच रचनेवर चालतात. पण नखाची कड नीट घासलेली नसली, चेंबर आतून खरखरीत राहिला, आणि स्वस्तातली पोलादी टोपणाची काडतुसे वापरली, की टोपण आत अडकते आणि नख त्याच्या कडेवरून निसटते. माझ्या दुसऱ्या रायफलीत हे दोनदा झाले, दोन्ही वेळा नेमबाजीच्या मैदानावर. बंदूकदुरुस्ती करणाऱ्याने चेंबर घासून गुळगुळीत केला, नखाची स्प्रिंग बदलली आणि 85 डॉलर घेतले. त्यानंतर साडेतीनशेहून अधिक काडतुसे तिच्यातून गेली, एकही अडकलेले नाही. तीनपैकी जी एक मी जंगलात नेईन असे वर म्हटले, ती हीच.

दस्ता आणि दुर्बीण यांचे थोडक्यात सांगतो. पोकळ प्लास्टिकचा दस्ता पुढच्या बाजूने बोटांनी दाबला तर नळीला टेकतो. पट्टा ताणून नेम धरला की हाच दाब गोळीची जागा हलवतो. माझ्या पहिल्या रायफलीवर हा फरक 100 यार्डांवर दोन इंचांचा होता. पिशवीवर टेकून बसवलेला नेम आणि झाडाला टेकून मारलेली गोळी यांत तफावत पडते ती बहुतेक वेळा अशी. सोबत आलेल्या दुर्बिणीचा पाया कारखान्यातूनच ढिला आला होता, आणि स्क्रू आवळल्यावरही वीस-पंचवीस बारांनंतर तिचा नेम सरकत राहिला. असा संच घेण्यापेक्षा रिकामी रायफल घेऊन दुर्बीण आणि पाया वेगळा घ्यावा.

आता सुरक्षेचा प्रश्न, जो मला या सगळ्यांत गंभीर वाटतो. बोल्ट न चालणे ही अडचण आहे. चाप न ओढता बार होणे हा जिवावरचा प्रसंग आहे. 1962 साली आलेली रेमिंग्टनची 700 ही अमेरिकेतली अत्यंत खपाची शिकारी रायफल आहे. तिच्या जुन्या वॉकर चापाच्या यंत्रणेत चाप आणि सिअर, म्हणजे फायरिंग पिन अडवून धरणारा तुकडा, यांच्यामध्ये एक सुटा दुवा होता. तो पूर्णपणे जागेवर परतला नाही तर चापाला हात न लावता बार होतो, असा आरोप करणारे दावे अनेक वर्षे न्यायालयांत चालले. 2014 च्या एप्रिलमध्ये कंपनीने तिच्या नव्या एक्स-मार्क प्रो चापाच्या रायफली परत मागवल्या; 1 मे 2006 ते 9 एप्रिल 2014 या काळात बनलेल्या काही चापांत जोडणीच्या वेळचा चिकट पदार्थ जास्त झाला होता आणि त्यामुळे अनाहूत बार होऊ शकत होता. पुढे सामूहिक दाव्यात तडजोड झाली. तिच्या कक्षेत सुमारे 75 लाख बंदुका होत्या आणि कंपनीने दोष मान्य केला नाही. याच तडजोडीत 710 आणि 770 ही तिची स्वस्त मॉडेलेही होती, जी आज जुन्या बाजारात फार कमी पैशांत मिळतात. 2001 साली आलेल्या 710 मध्ये बोल्ट थेट नळीत अडकतो आणि रिसीव्हरच्या आत बोल्ट सरकण्यासाठी प्लास्टिकचे अस्तर असते. त्या तडजोडीनुसार चाप मोफत बदलून मिळण्याची मुदत केव्हाच संपली आहे आणि कंपनी स्वतः 2020 साली दिवाळखोरीत जाऊन तिचे भाग वेगवेगळ्या खरेदीदारांकडे गेले. म्हणून दोनशे डॉलरना मिळणारी अशी जुनी रायफल पाहताना तिचा चाप बदललेला आहे की नाही, याचा पुरावा मागितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते की अमेरिकेत टोस्टर किंवा पाळणा सदोष निघाला तर तो बाजारातून काढायला लावणारा सरकारी आयोग आहे, पण बंदुकांवर त्याचा अधिकार चालत नाही. 1972 च्या ग्राहक उत्पादन सुरक्षा कायद्यातून बंदुका आणि काडतुसे बाहेर ठेवलेली आहेत आणि 1976 च्या दुरुस्तीने ते आणखी स्पष्ट केले. बंदूक परत मागवायची की नाही हे त्यामुळे मुख्यतः कंपनीच ठरवते. आपल्या रायफलीचा क्रमांक कंपनीच्या सूचनेशी ताडून पाहणे, ही जबाबदारी घेणाऱ्यावर येऊन पडते, आणि मला ही व्यवस्था चुकीची वाटते. चारशे डॉलरची रायफल घेणारा माणूस बहुधा नवखा असतो. ज्याच्याकडे कौशल्य सर्वांत कमी, त्याच्यावरच तपासणीचा भार सर्वांत जास्त टाकला जातो.

ही तपासणी अवघड नाही. रायफल रिकामी आहे याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करावी, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत, आणि नळी सुरक्षित दिशेलाच असावी. बोल्ट बंद करून सुरक्षा-खटका लावावा, चाप जोराने ओढून सोडावा आणि मग चापाला हात न लावता खटका उघडावा. या क्षणी आतून "टक्" आवाज आला, तर ती रायफल त्याच दिवशी परत करावी. नंतर खटका उघडा ठेवून बोल्ट दहा वेळा दणक्यात बंद करून पाहावा आणि दस्त्याच्या तळाला रबरी हातोडीने चारी बाजूंनी ठोकून पाहावे. पिन एकदाही आपोआप पडता कामा नये. चाप हलका करून देणारा स्क्रू अनेक स्वस्त रायफलींना आता मिळतो आणि ती सोय चांगली आहे, पण कंपनीने सांगितलेल्या मर्यादेखाली चाप हलका करण्याच्या मोहात पडू नये. शिकारीत बोटे गारठलेली असतात आणि हातात मोजे असतात. ओढायला तीन-साडेतीन पौंडांचा जोर लागणारा चाप तिथे अगदी योग्य आहे.

घेण्यापूर्वी दुकानदाराची परवानगी घेऊन मॅगझिन दहा वेळा काढून घालावे, खटक्यावर आडवा दाब देऊन ते सुटते का पाहावे, आणि बोल्ट खांद्यावर रायफल ठेवूनच चालवून पाहावा, कारण टेबलावर सहज चालणारा बोल्ट खांद्यावर तिरक्या जोराने अडकतो. घेतल्यावर मोसमाआधी किमान साठ काडतुसे मॅगझिनमधून भरून मारावीत, त्यांतली वीस तरी भराभर, आणि ज्या काडतुसाने शिकार करायची त्याच काडतुसाने. साठ काडतुसांचा खर्च शंभर डॉलरच्या आसपास जातो, म्हणून स्वस्त रायफलीची खरी किंमत पाचशे धरून चालावी. एवढा खर्च करायचाच असेल तर पंचवीस-तीस वर्षे जुनी पण पोलादी झाकणाची, चापाचा इतिहास स्वच्छ असलेली चांगली रायफल त्याच पैशांत मिळते का, हे मी आधी पाहीन. तिची नळी कदाचित आजच्या नळीइतकी नेमकी नसेल, पण 80 यार्डांवरच्या हरणाला दीड आणि दोन इंचांतला फरक कळत नाही.

पहिली रायफल अजून माझ्या तिजोरीत आहे. ती विकत मागायला दोघे जण येऊन गेले. दोघांनाही मी मॅगझिन बसवून खटका मांडीला घासून दाखवला, डावा ओठ दाखवला आणि हरणाची हकीकत सांगितली. दोघेही आभार मानून परत गेले.